टोमॅटोचं बी कधी टाकायचं? आधी फुलाची तारीख ठरवा

दर जानेवारीत कुणीतरी मला टोमॅटोच्या झाडाचा फोटो पाठवतं. झाड कमरेएवढं, हिरवंगार, फुलांनी भरलेलं आणि फळ एकही नाही. सोबतचा प्रश्न ठरलेला असतो: "खत कुठलं घालू?" कुठलंच घालू नका. ते झाड उपाशी नाही, चुकीच्या वेळी फुलावर आलंय. त्याचा निकाल सप्टेंबर-ऑक्टोबरात, बी टाकलं त्या दिवशीच लागला होता.

मी सासवडजवळ राहते. मागे दीड गुंठ्याचं परस आहे, गच्चीवर वीसेक कुंड्या आहेत, आणि पंधरा वर्षं मी दर हिवाळ्यात टोमॅटो लावते. कुंडी भरणं, शेणखत मुरवणं हे तुम्हाला येतं असं धरून चालते. पुढे लिहिलंय ते पुणे, सातारा, नाशिक, नगर या पठारी भागासाठी. कोकण आणि विदर्भाबद्दल वेगळं सांगते.

पहिलं काम: तारीख

बहुतेक जण विचारतात, "टोमॅटो कधी हवेत?" आणि तिथून मागे मोजतात. तसं मोजू नका. फूल कधी यायला हवं ते ठरवा आणि तिथून मागे मोजा. झाड बऱ्याच हवामानात वाढतं, तयार फळही कसंबसं पिकतं. नाजूक काळ एकच, फूल उमलून त्याचं फळ धरण्याचा.

फळ धरायला रात्र साधारण १५ ते २० अंशांची लागते. दिवसाचा पारा ३२-३५ च्या वर आणि रात्रीचा २१-२२ च्या वर राहू लागला की पराग निकामी होतो आणि फुलं गळतात. उलट रात्र १२-१३ अंशांच्या खाली गेली तरी पराग नीट तयार होत नाही, तेव्हाही तोच प्रकार. आता आपल्याकडच्या रात्री बघा. पुण्यात ऑक्टोबरात सरासरी १९-२०, नोव्हेंबरात १५च्या आसपास, डिसेंबर-जानेवारीत ११-१२. गावाबाहेर मोकळ्या रानात त्याहून कमी. मार्चमध्ये दिवस ३६ वर जातो. म्हणजे फुलासाठी सगळ्यात चांगला काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, जेमतेम सात आठवडे.

बी टाकल्यापासून लावणीजोगं रोप व्हायला २५ ते २८ दिवस. लावणीपासून पहिलं फूल यायला साधारण तेवढेच. म्हणजे बी ते फूल ५०-५५ दिवस. फुलापासून लाल फळापर्यंत आणखी दीड महिना, थंडी जास्त असेल तर थोडं अधिक. हा हिशेब मांडला की उत्तर येतं: बी १३ ते २६ सप्टेंबरच्या दरम्यान, म्हणजे उत्तरा नक्षत्रात. लावण १० ते २३ ऑक्टोबर, म्हणजे चित्रा नक्षत्रात. फूल नोव्हेंबरात, आणि पहिला तोडा डिसेंबरच्या शेवटी किंवा नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात. मध्ये येणारा हस्ताचा धुवांधार पाऊस रोपं ट्रेमध्ये आडोशाला असताना निघून जातो, ही आणखी एक सोय.

नक्षत्रं मी हौसेनं सांगत नाहीये. हे मला चुकून, अख्खा हंगाम घालवून कळलंय.

आमच्या घरी सासूबाईंची पद्धत होती: घट बसले की त्याच दिवशी टोमॅटोचं बीही टाकायचं. घटाखालच्या मातीत धान्य पेरायचं आणि परसात एका ट्रेमध्ये टोमॅटो. लक्षात ठेवायला सोपं. २०२२ साली घटस्थापना २६ सप्टेंबरला होती. मी बी टाकलं आणि फेब्रुवारी संपेपर्यंत घरात टोमॅटो विकत आणला नाही. २०२३ला अधिक श्रावण आला. घट बसले १५ ऑक्टोबरला. मी त्याच दिवशी बी टाकलं, ऐन लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, १२ नोव्हेंबरला रोपं लावली आणि निर्धास्त झाले. फक्त १९ दिवसांचा फरक होता.

फुलं डिसेंबरच्या मध्यानंतर आली, ऐन थंडीत. टोमॅटोच्या फुलाच्या देठावर मधोमध एक छोटी गाठ असते, बोटाच्या पेरासारखी. ती गाठ आधी पिवळी पडायची, मग नुसतं बोट लागलं तरी फूल बरोब्बर तिथून निखळून हातात यायचं. रोज सकाळी कुंडीखाली पिवळ्या फुलांचा सडा. मी पोटॅश घातलं, ताक फवारलं, पाणी वाढवलं, मग कमी केलं. ज्यानं जे सांगितलं ते सगळं केलं. जी थोडी फळं धरली त्यांच्या तळाला टाके घातल्यासारखे तपकिरी वण होते. फेब्रुवारीत रात्री जरा निवळल्या तेव्हा फळं धरू लागली, तोवर मार्चचं ऊन आणि पांढरी माशी दारात उभी. शेंडे आखडले, पानं चुरगळली, बोकड्या आला, म्हणजे पांढऱ्या माशीनं पसरणारा पानं मुरडण्याचा विषाणू रोग. एप्रिलच्या सुरुवातीला मी सगळी झाडं उपटली.

तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, घट पुढे गेले म्हणून थंडी पुढे जाते का?" त्यांनी स्वतः कधी आंधळेपणानं तिथी धरली नव्हती. अधिक महिना आला की त्या आधीच बी टाकायच्या, मला ते कधी बोलून दाखवलं नव्हतं इतकंच.

सण चांद्र तिथीवर चालतात, त्यामुळे दसरा २०२२ साली ५ ऑक्टोबरला येतो आणि २०२३ साली २४ ऑक्टोबरला. पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात. मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो, उत्तरा १३ सप्टेंबरच्या आसपास, फार तर एका दिवसाचा फरक. म्हणून "गणपती उठले की बी टाका", "दसऱ्याला लावण करा" असला सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. इंग्रजी तारीख धरा किंवा नक्षत्र धरा.

सप्टेंबर हुकलाच तर? ५ ऑक्टोबरपर्यंत बी टाकलं तर चालतं, तोडे कमी मिळतात. त्यानंतर बी टाकण्यात अर्थ नाही. नर्सरीतून तयार रोपं आणा, तेवढेच तीन-चार आठवडे वाचतात. फक्त फूल आलेलं, ट्रेच्या तळातून मुळ्या बाहेर डोकावणारं रोप घेऊ नका, दुकानदार कितीही कौतुकानं दाखवो. ते रोप म्हातारं झालेलं असतं. चार-पाच पानांचं, वीतभरापेक्षा कमी उंचीचं, जाड दांड्याचं रोप मागा.

कोकणात हे गणित बदलतं. पाऊस उशिरापर्यंत असतो आणि रात्री फारशा गारठत नाहीत, त्यामुळे ऑक्टोबरात, भात कापणीच्या सुमारास बी टाकलं तरी फळ छान धरतं. विदर्भात थंडी कडक पडते. तिथल्या नातेवाइकांना मी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बी टाकायला सांगते.

उन्हाळी लागवड (बी डिसेंबर-जानेवारीत) आणि पावसाळी लागवड (बी जून-जुलैत) शेतकरी करतात, पण त्यांच्याकडे तारा, मल्चिंग, फवारणी आणि अनुभव असतो. तरीही उन्हाळ्यात फळ कमी धरतं, आणि जून-जुलैत बाजारभाव वर जाण्यामागे तेही एक मोठं कारण आहे. पहिल्या वर्षी तुम्ही हिवाळाच धरा.

वाण कोणता

आधी एक गोष्ट बंद करा: बाजारातला टोमॅटो पिळून त्याचं बी लावणं. नारायणगाव आणि पिंपळगावच्या बाजारातून क्रेट भरून जातो तो माल जवळपास सगळा हायब्रीड. त्याच्या बियांतून दहा झाडं दहा तऱ्हांची येतात. शिवाय ते वाण जाड सालीचे, टणक, ट्रकमध्ये दोन दिवस टिकावेत म्हणून निवडलेले असतात. घरी लावून पुन्हा तोच टोमॅटो का खायचा?

दुसरं, झाडाची ठेवण बघा. काही वाण झुडपी असतात, म्हणजे ठरावीक उंचीला शेंडा फुलात संपतो आणि फळं थोड्या दिवसांत एकदम येतात. काही वेलासारखे वाढतच राहतात आणि पुरवून पुरवून देतात. बारा इंची कुंडीला झुडपी किंवा अर्धझुडपी घ्या. उंच वाढणारा वाण जमिनीत किंवा पंधरा-अठरा इंची कुंडीत, आणि त्याला पुरुषभर उंचीची काठी हवीच.

सार, आमटी, रस्सा यांसाठी मला पुसा रुबी आवडतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा जुना सरळ, म्हणजे हायब्रीड नसलेला वाण. फळ चपटं, हलक्या धारा असलेलं, रसाळ, आंबट. गावरान टोमॅटोची आठवण काढणाऱ्यांनी हाच लावावा. लांबच्या वाहतुकीला टिकत नाही, पण आपल्याला परसातून स्वयंपाकघरातच न्यायचाय. सरळ वाण असल्यानं बीही घरी धरता येतं: पिकलेल्या फळाचा गर बियांसकट एक-दोन दिवस भांड्यात आंबवायचा, मग बी धुऊन सावलीत वाळवायचं.

बोकड्यानं पूर्वी छळलं असेल, किंवा कोकण-गोव्याच्या तांबड्या जमिनीत झाडं हिरवी असतानाच अचानक माना टाकत असतील, तर अर्का रक्षक घ्या. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा हा हायब्रीड लीफ कर्ल विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक आहे. अर्धझुडपी, फळ ९०-१०० ग्रॅमचं, घट्ट. चवीला पुसा रुबीची सर नाही, पण हंगाम हातात राहतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री आणि भाग्यश्री हे सरळ वाणही आपल्या हवेत रुळलेले आहेत. भाग्यश्री गडद लाल असतो, केचप-प्युरी करणाऱ्यांनी तो बघावा.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी दोनच वाण: निम्मे पुसा रुबी, निम्मे अर्का रक्षक. आठ वाणांची आठ पाकिटं आणून काही शिकता येत नाही. आणि पाकिटावरचं चित्र पाहण्याआधी वैधतेची तारीख वाचा. उगवणशक्ती किमान ७० टक्के लिहिलेली असायला हवी.

रोपं

ट्रेमध्ये धुतलेलं कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत, एका कप्प्यात एक बी, अर्धा सेंटीमीटर खोल. पाच ते आठ दिवसांत कोंब दिसतात.

इथे दोन चुका होतात. "कोवळी रोपं आहेत, पंधरा दिवस सावलीत ठेवा" हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे. सावलीतलं रोप उजेडाच्या शोधात दोऱ्यासारखं उंच होतं आणि आडवं पडतं. निम्म्या बियांनी डोकं वर काढलं की ट्रे त्याच दिवशी सकाळच्या उन्हात न्या. दुसरी चूक संध्याकाळी पाणी घालण्याची. रात्रभर ओल राहिली की मातीलगत दांडा पाणचट होतो, चिमटीत धरल्यासारखा बारीक होतो आणि रोप कोलमडतं. झारीनं सकाळीच पाणी द्या, तेही वरचा थर फिका पडल्यावर. सप्टेंबरच्या ढगाळ हवेत हे दिवसाआड पुरतं.

ट्रेवर पहिल्या दिवसापासून बारीक विणीची जाळी हवी, मच्छरदाणीचा जुना तुकडा चालतो, पण कडा विटांनी दाबून. पांढरी माशी रोपावर याच वयात बसली तर बोकड्या पुढे फुलोऱ्यात दिसतो, आणि तेव्हा कुठलंही औषध उपयोगाचं नसतं.

लावण आणि पहिलं फूल

लावणीच्या आधी चार दिवस पाणी थोडं तोडा. लावण संध्याकाळी करा, खालच्या दोन बीजपत्रांपर्यंत (उगवताना आलेली पहिली दोन पानं) दांडा मातीत जाऊ द्या, तिथूनही मुळ्या फुटतात. दोन झाडांत दीड-दोन फूट. काठी त्याच दिवशी रोवा, नंतर रोवली तर मुळ्या तुटतात.

नोव्हेंबरात पहिला घोस उमलला की सकाळी दहा-अकराच्या सुमारास, दव वाळल्यावर, घोसाच्या देठाला बोटानं हलकी टिचकी मारत जा. पराग आतल्या आत झडतो आणि फळ धरायला मदत होते. गच्चीवर वारा आणि भुंगे कमी असतात, तिथे हे रोज करा. तीन-चार दिवसांनी पाकळ्या सुकतील. तेव्हा देठावरची ती गाठ बघा. हिरवी आणि घट्ट असेल आणि सुकलेल्या फुलाच्या आत ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा मणी दिसत असेल, तर फळ धरलं. त्याच दिवशी पहिला घोस सुतळीनं काठीला सैल बांधा आणि बी टाकल्याची तारीख पाकिटावर लिहून पाकीट जपून ठेवा, पुढच्या सप्टेंबरात लागेल.