अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचा एक अख्खा सीझन कसा फॉलो करायचा

भाचा इंडियानात पर्ड्यूला एमएस करायला गेला आणि पहिल्याच हिवाळ्यात त्याचा फोन, मामा तू ही टीम एकदा बघच. तेव्हापासून मी इथे पुण्यात बसून ही टीम बघतोय, आणि आता नात्यातलेच दोनतीन जण विचारतायत की सुरुवात कुठून करायची, एवढ्या टीम एवढ्या मॅचेस, काही समजत नाही. म्हणून नीट लिहितो. उदाहरण म्हणून पर्ड्यूच्या पुरुष टीमचा 2023-24 चा सीझन घेतो, कारण नवीन माणसाला जे जे समजायला हवं ते जवळपास सगळं त्या एका सीझनमध्ये आहे.

आधी एकच टीम धरा. डिव्हिजन वन म्हणजे कॉलेज खेळाची सगळ्यात वरची पातळी, तिच्यात साडेतीनशेपेक्षा जास्त टीम आहेत, सगळ्या बघायला गेलात तर डिसेंबर उजाडायच्या आत कंटाळून सोडून द्याल. आपल्या ओळखीचं कोणी जिथे शिकतंय ते कॉलेज घ्या, म्हणजे मॅच झाल्यावर बोलायला कोणीतरी असतं, आणि हे फार महत्त्वाचं आहे.

टीम ठरली की मागचा सीझन कसा संपला ते वाचा. हे बरेच जण करत नाहीत आणि मग अर्धी मजा जाते. पर्ड्यूचं बघा, मार्च 2023 मध्ये सीझनअखेरच्या राष्ट्रीय बाद स्पर्धेत ते पहिल्या मानांकनाचे होते आणि पहिल्याच राउंडला सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून 63-58 हरले. पुरुषांच्या स्पर्धेत असं त्याआधी एकदाच झालेलं, 2018 ला. समोरची टीम त्या वर्षी अख्ख्या डिव्हिजन वनमध्ये उंचीने सगळ्यात लहान, आणि पर्ड्यूकडे 7 फूट 4 इंचाचा झॅक ईडी! पण पर्ड्यूने 26 थ्री (लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट) मारले त्यातले फक्त 5 आत गेले, आणि दोन्ही मुख्य गार्ड (बॉल पुढे नेऊन खेळ चालवणारे), ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर, पहिल्या वर्षाचे. हे माहीत असेल तर पुढच्या वर्षी कोच मॅट पेंटरने सदर्न इलिनॉयहून लान्स जोन्ससारखा वेगवान, अनुभवी गार्ड का आणला ते आपोआप समजतं.

नियमांचं जास्त टेन्शन घेऊ नका. एनबीएसारखे चार क्वार्टर नसतात, 20-20 मिनिटांचे दोन हाफ असतात, शॉट क्लॉक 30 सेकंदांचा (तेवढ्यात शॉट मारावा लागतो), आणि पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर. हा शेवटचा नियम मात्र लक्षात ठेवा, मोठ्या खेळाडूला पहिल्या हाफमध्ये दोन फाउल लागले की कोच बऱ्याचदा त्याला बाकावर बसवतो आणि मॅच तिथे फिरते.

वेळेचं गणित आधीच करून ठेवा. त्यांच्याकडे संध्याकाळी 7 ची मॅच म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाच, आणि मार्चमध्ये त्यांचं घड्याळ पुढे गेलं की साडेचार. मी मार्चमध्ये एकदा हे विसरलो आणि पहिला हाफ संपल्यावर उठलो.

आता खरं काम. एक वही करा. जिंकलेल्या मॅचची एक ओळ पुरे, पण हरलेल्या मॅचला अख्खं पान द्या, कारण टीम कशी आहे ते हरलेल्या मॅचमध्ये दिसतं असं माझं ठाम मत आहे. हरले कुठे, घरी की बाहेर की तिसऱ्याच ठिकाणी, किती टर्नओव्हर झाले (शॉट न मारताच बॉल गमावला), थ्री किती मारले आणि किती गेले, समोरच्याने कोणाला मोकळं सोडलं, एवढं लिहा.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मुख्यतः कॉन्फरन्सबाहेरच्या मॅचेस असतात (कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट). पर्ड्यूने त्या वर्षी माउई स्पर्धेत गोंझागा, टेनेसी, मार्क्वेट अशा तिघांना ओळीने तीन दिवसांत हरवलं (माउईतल्या आगीमुळे ती स्पर्धा होनोलुलूला खेळवली होती), नंतर टोरोंटोला अलाबामा आणि इंडियानापोलिसला ॲरिझोना. या मॅचेस अजिबात सोडू नका, मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेसाठी टीम निवडणारी समिती यांच्याकडे खूप बघते. नेट नावाचं रँकिंग असतं, त्यात जिंकलात कुठे याला किंमत आहे, पहिल्या 30 मधल्या टीमला घरी हरवलं तर ती पहिल्या गटातली मॅच, पण बाहेर जाऊन खेळलात तर 75 व्या नंबरपर्यंतची टीमसुद्धा त्याच गटात धरतात. यावरून बाहेरची मॅच किती अवघड समजतात ते बघा.

जानेवारीपासून जवळपास सगळ्या कॉन्फरन्सच्याच मॅचेस. पर्ड्यू बिग टेनमध्ये, तेव्हा 20 मॅचेस असायच्या, त्यातल्या 17 जिंकल्या. तीन हरले ते नॉर्थवेस्टर्न, नेब्रास्का आणि ओहायो स्टेटकडे, तिन्ही समोरच्याच्या घरी. स्वतःच्या मॅकी अरीनात अख्ख्या सीझनमध्ये एकही हार नाही. भाचा फोन हातात धरून मला तिथला आवाज ऐकवायचा, विद्यार्थ्यांचा तो पेंट क्रू, शेजारच्याशी बोलता येत नाही म्हणाला. वहीत तीन पानं शेजारीशेजारी ठेवली तेव्हा मला घर आणि बाहेर यातला फरक खऱ्या अर्थाने समजला.

मॅच बघायला नाही मिळाली तर बॉक्स स्कोर, म्हणजे मॅचच्या आकड्यांचा तक्ता, वाचा, पण नुसते पॉइंट बघू नका. टीमचे शॉट घ्या, त्यातून ऑफेन्सिव्ह रिबाउंड (स्वतःचाच हुकलेला शॉट परत पकडणं) वजा करा, टर्नओव्हर मिळवा, फ्री थ्रोचे साधारण निम्मे मिळवा, टीमला अंदाजे किती वेळा संधी मिळाली तो आकडा येतो. पॉइंटला त्याने भागा. दर संधीला एकपेक्षा बरंच जास्त येत असेल तर आक्रमण चांगलं चाललंय. हळू खेळणारी आणि पळत खेळणारी टीम यांची तुलना फक्त अशीच करता येते.

मार्चमध्ये आधी कॉन्फरन्सची स्पर्धा (पर्ड्यू सेमीफायनलला विस्कॉन्सिनकडून ओव्हरटाइममध्ये 76-75 हरले, चौथं पान), मग रविवारी राष्ट्रीय स्पर्धेच्या 68 टीमची यादी जाहीर होते. ब्रॅकेट, म्हणजे कोण कोणाला हरवेल याच्या अंदाजाचा तक्ता, नक्की भरा, चुकलं तरी भरा, त्यामुळे इतर टीमची नावं डोक्यात बसतात. इथे हरलात की संपलं, आणि एका वर्षापूर्वीची ती हार माहीत असेल तर पहिल्या राउंडला ग्रॅम्बलिंग स्टेटला 78-50 हरवलं तेव्हा पर्ड्यूच्या लोकांना काय वाटलं असेल ते मला सांगायला नको. मग यूटा स्टेट, गोंझागा, आणि डेट्रॉइटला टेनेसी, त्या मॅचमध्ये ईडीचे 40 पॉइंट आणि 16 रिबाउंड. 1980 नंतर पहिल्यांदा फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चारांत! भाचा त्या रात्री फोनवर रडला.

तिथे नॉर्थ कॅरोलिना स्टेटला हरवून फायनल. ॲरिझोनात 8 एप्रिलची रात्र म्हणजे आपल्याकडे 9 एप्रिलची सकाळ, गुढीपाडवा. बायकोने सांगितलं गुढी आधी उभारू मग बस टीव्हीपुढे, तसंच केलं. कनेक्टिकटने 75-60 ने हरवलं. ईडीचे 37 पॉइंट होते तरी हरले, कारण कनेक्टिकटने त्याच्यावर दुहेरी माणूस फारसा टाकलाच नाही, एकट्या डोनोव्हन क्लिंगनला त्याच्यापुढे ठेवून बाकीचे चौघे शूटरना चिकटून राहिले. सीझनभर जवळपास 40 टक्के थ्री आत टाकणाऱ्या टीमला अख्ख्या फायनलमध्ये 7 थ्री घेता आले आणि 1 गेला. पाचवं पान मी दुपारी पुरणपोळी खाऊन झाल्यावर लिहिलं, सकाळी हात चालला नाही.

आणि वही तिथे बंद करू नका. एप्रिलमध्येच लिहून ठेवा कोण पास होऊन जातंय, कोण एनबीएला (ईडीला मेम्फिसने नवव्या नंबरवर घेतलं), कोण दुसऱ्या कॉलेजात जायला ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव टाकतंय, कोण येतंय. नोव्हेंबरमध्ये पुढच्या वर्षीचं पहिलं पान उघडाल तेव्हा सगळ्यात आधी हेच लागेल.