हुकूमशहाचा निवडणूक निकाल वाचायचा कसा

पहिलं म्हणजे "हे कोणाला पटणार?" हा प्रश्न सोडा, पटवायचं नसतंच. आकडा कोणासाठी आहे ते बघा. 2002 ला इराकमधे सद्दामला 100 टक्के मतं, समोर दुसरा उमेदवारच नाही, म्हणजे निरोप स्वतःच्याच अधिकाऱ्यांना आणि लष्कराला की सगळी यंत्रणा माझ्या मुठीत आहे, फुटायचा विचारही करू नका. मग खोट्या निकालाच्या कागदावर सह्या कोणाच्या ते बघा, बेलारूसमधे मतदान केंद्रांवर शाळेतले शिक्षक बसवतात, आणि एकदा सही केली की माणूस कायमचा अडकतो, मला तर हेच सगळ्यात भयंकर वाटतं. 2020 ला तिथल्या राष्ट्राध्यक्ष लुकाशेंकोला 80 टक्के मतं दाखवली, पण लोकांनी आपापल्या मतपत्रिकेचे फोटो काढून ठेवले होते, ते केंद्रावरच्या निकालाशी ताडले. असे फोटो मिळाले तर आधी तेच वाचा.