चेंबरमध्ये गोळी ठेवावी की नाही?

ग्वाल्हेरकडे परवान्याचं हत्यार ही नवलाची गोष्ट नाही. लष्कर भागातल्या एखाद्या मराठी घरातही आजोबांच्या वेळचं .३२ बोअरचं हत्यार कपाटात निघतं. ते कमरेला लावून बाहेर पडायचं तर पहिला प्रश्न चेंबरचा, म्हणजे नळीच्या मागे गोळी बसते त्या जागेचा.

रिव्हॉल्व्हर असेल तर घोडा (मागून गोळीवर आपटणारा भाग) आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर आहे का, हे आर्मररकडून, म्हणजे हत्यारांच्या कारागिराकडून, तपासून घ्या. बऱ्याच जुन्या बनावटीत तो नसतो. घोड्याचं टोक थेट प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या स्फोटक टोपीवर, टेकतं आणि हत्यार आपटलं की गोळी सुटू शकते. अशात फिरत्या सिलिंडरच्या सहापैकी पाचच घरं भरायची, रिकामं घर घोड्याखाली. मात्र चाप ओढला की सिलिंडर आधी फिरतं आणि भरलेलं घर समोर येतं. म्हणजे रिकामं घर फक्त आपटण्यापासून वाचवतं, चापावर गेलेल्या बोटापासून नाही. पहिल्यांदा चाप ओढला तर बार रिकामा जाईल या भरवशावर राहणारे इथेच फसतात.

पिस्तुलात चेंबर रिकामं ठेवलं तर वेळेला स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढायला दुसरा हात लागतो, आणि तो हात स्कूटरच्या हँडलवर किंवा मुलाच्या मनगटावर असू शकतो. तोटा खरा आहे. तरीही फायरिंग पिनला (काडतुसावर टोचणाऱ्या सुईला) अडसर, चाप पूर्ण झाकणारा कडक होल्स्टर आणि रेंजवरचा नियमित सराव, या तिन्हींपैकी एक जरी गोष्ट कमी असली तर चेंबर रिकामंच बरं. बऱ्याच जुन्या .३२ पिस्तुलांत घोडा आत लपलेला असतो; ताणलेला आहे की नाही, बाहेरून कळत नाही.

घात होतो तो बहुधा हत्यार परत होल्स्टरमध्ये घालताना. घामाने मऊ पडलेल्या चामड्याची कड आत वळते, नाहीतर थंडीत जाकिटाची दोरी चापाच्या कड्यात शिरते, आणि वरून दाबलं की बार. नजर टाकून, बोट बाहेर ठेवून, सावकाश घाला. अडलं तर जोर न लावता बाहेर काढा. पायजम्यात नुसतं खोचणं हा विषयच नको. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणेही सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं लागतं. वरातीत बार काढला तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

घरी आल्यावर नळी सुरक्षित दिशेला धरून आधी मॅगझिन (गोळ्यांचा डबा) काढा, मग स्लाइड दोन-तीनदा ओढा, मागे अडकवून चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळीने चाचपा. क्रम उलटला तर बाहेर पडलेल्या गोळीच्या जागी मॅगझिनमधली दुसरी चढते, आणि माणूस रिकामं समजून चाप ओढतो.

काडतुसं मोजकीच मिळतात म्हणून तीच गोळी रोज चढवण्याचा मोह होतो. रोजच्या धक्क्याने तिचं शिसं केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, मागे सरकतं आणि झाडताना दाब धोकादायक वाढू शकतो. नव्या काडतुसाशेजारी उभी करून पाहा. आखूड दिसली तर सरावातही वापरू नका, डीलरला दाखवा.