अर्ल हूकरकडून स्लाइड गिटार शिकताना

स्लाइड (बोटात घातलेली नळी तारांवरून सरकवत गिटार वाजवायची पद्धत) शिकायची म्हटली की बहुतेक जण आधी गिटारच्या खुंट्या पिळतात आणि सगळ्या तारा एका कॉर्डमध्ये (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीत) लावून घेतात. मी विद्यार्थ्यांना ते करू देत नाही. आधी शिकागोचा ब्लूज गिटारवादक अर्ल हूकर याचा ‘टू बग्ज अँड अ रोच’ हा अल्बम ऐका, असं सांगतो. हा माणूस नेहमीच्या ट्यूनिंगमध्येच स्लाइड वाजवायचा, आणि त्याच्याइतकी सुरेल स्लाइड शिकागोत क्वचितच कुणी वाजवली असेल.

क्षयाने जवळपास वर्षभर रुग्णालयात काढून तो बाहेर आला, नवा बँड जमवला आणि १९६८ मध्ये आर्हूली कंपनीसाठी हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. १९७० मध्ये त्याच आजाराने तो गेला. तो बोलताना अडखळायचा आणि गायचाही कमीच, म्हणून अल्बममध्ये शब्दांपेक्षा गिटार जास्त आहे. ब्लूज गायक मडी वॉटर्सचं ‘यू शुक मी’ पुष्कळांना माहीत असतं. हूकरने आधी वाजवून ठेवलेल्या तुकड्यावर मडीने १९६२ मध्ये आवाज चढवला, त्यातून ते गाणं झालं. त्यातली स्लाइड हूकरची आहे हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

पहिल्यांदा ऐकाल तेव्हा गिटार हातात घेऊ नका. एकच तुकडा निवडा, त्यातली एक ओळ पुन्हा पुन्हा लावा आणि तोंडाने गा. मींड कुठे सुरू होते, सुरावर कधी पोचते, कंप किती उशिरा येतो, हे गळ्यात बसल्याशिवाय बोटांत उतरत नाही. एक सावधगिरी बाळगा: या बँडमध्ये फ्रेडी रूलेटची स्टील गिटारही (मांडीवर आडवी ठेवून वाजवायची) आहे. तिच्यात प्रत्येक सूर घसरत येतो. हूकर मात्र एका ओळीतच साधे दाबलेले सूर आणि स्लाइड यांची अदलाबदल करतो.

ही अदलाबदल जमते ती स्लाइड करंगळीत असल्यामुळे. आखूड, हलकी, स्टीलची स्लाइड घ्या, म्हणजे बाकीची तीन बोटं मोकळी राहतील. तार दाबू नका, नुसता स्पर्श हवा. स्लाइड फ्रेटच्या (गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) मागे नको, बरोबर त्या पट्टीवर यायला हवी, आणि तिला समांतर. स्लाइडमागची बोटं तारांवर हलकेच टेकवून ठेवा, नाहीतर खरखर येते. नको असलेल्या तारा उजव्या हाताने गप्प करा. नवशिक्यांचा गोंधळ नव्वद टक्के इथेच होतो, म्हणून मी यावर आठवडेच्या आठवडे घालवतो.

आता ट्यूनिंग न बदलण्याचं गुपित. चौथी, तिसरी आणि दुसरी तार मोकळी छेडा: जी मेजर मिळतो. म्हणजे या तीन तारांवर स्लाइड सरळ ठेवली की कॉर्ड आयता तयार. नवव्या फ्रेटवर ई, दुसऱ्यावर ए, चौथ्यावर बी. ई मधले ब्लूजचे बारा बार (चार-चार ठोक्यांचे भाग) असे मोजा: चार ई, दोन ए, दोन ई, मग एकेक बी आणि ए, शेवटी दोन ई. प्रत्येक कॉर्डवर दोन-तीनच सूर वाजवा आणि उरलेली जागा रिकामी सोडा.

वाह-वाह पेडल (पायाने दाबून सुराचा रंग बदलणारं यंत्र) सगळ्यात शेवटी. ‘वाह वाह ब्लूज’ ऐकून पुष्कळांचा पाय प्रत्येक ठोक्याला हलायला लागतो. तसं नको. सुरुवातीला एका ओळीत पेडल एकदाच सावकाश उघडा, तोंड उघडून ‘वा’ म्हणावं तसं.

हे सगळं हाताशी आलं की ‘अ‍ॅना ली’कडे वळा. हूकरला स्लाइड दाखवणाऱ्या रॉबर्ट नाइटहॉकच्या गाण्यांपैकी हे एक. यात शब्द आहेत, म्हणून गायलेली ओळ संपेपर्यंत थांबा आणि तिला उत्तर द्या, तेही ओळ जेवढी लांब होती त्याहून आखूड.