योजनेच्या पैशांवर सुवर्णसौधात प्रश्न विचारायचाय? या चुका टाळा

बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरायची वेळ आली की माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्यांची रीघ लागते. विषय बहुतेकांचा एकच असतो. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत सरकार दवाखान्याला पैसे देतंय म्हणे, मग दवाखाना आमच्याकडून वर का घेतो? प्रश्न रास्त आहे, पण त्यावर लिहिलेले अर्ज वाचवत नाहीत. दरवर्षी तेच घोळ होतात आणि दरवर्षी तेच उत्तर येतं.

विमा कंपनीला शिव्या घालणं

कर्नाटकात या योजनेत मध्ये विमा कंपनी नाही. पैसे सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्ट देतो आणि हा ट्रस्ट राज्याच्या आरोग्य खात्याखाली येतो. बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएलवाल्यांच्या, म्हणजे त्या रेषेवरच्यांच्या, उपचाराच्या पॅकेजचा 30 टक्के भार सरकार उचलतं, तोही वर्षाला दीड लाखापर्यंत. सगळा पैसा सरकारी, म्हणून त्याचा जाब विधिमंडळात विचारता येतो. ‘विमा कंपनीने पैसे अडवले’ असं अर्जात लिहिलंत की समोरच्याला कळतं, यांना काही ठाऊक नाही.

‘खरे आहे काय?’ असा प्रश्न पाठवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खानापूर तालुक्यातल्या एका गावात एका म्हातारीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. कार्ड बीपीएल, मंजुरीही आलेली. तरी दवाखान्याने डिपॉझिट भरून घेतलं. मुलाला सांगितलं, “ट्रस्टचे पैसे यायला वर्ष लागतंय. तोवर तुम्ही भरा, आले की परत देतो.” पावती नाही, एका कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहिलेला. गावातली तरणी पोरं भडकली, आणि भडकणारच. त्यांनी निवेदन तयार केलं, जिल्हाधिकारी कचेरीसमोर फोटो काढला, पेपरात बातमी आली. एका आमदाराच्या माणसाला गाठून अधिवेशनात प्रश्नही लावला. प्रश्न असा होता: ‘बेळगाव जिल्ह्यातील खासगी दवाखान्यांत योजनेच्या रुग्णांची लूट होत आहे, हे खरे आहे काय? असल्यास सरकारने कोणती कारवाई केली?’

उत्तर दोन ओळींत आलं. पहिल्या भागाला, सरकारच्या निदर्शनास आलेले नाही. दुसऱ्या भागाला, प्रश्न उद्भवत नाही.

पोरं म्हणाली, सरकार खोटं बोलतंय. मी म्हणतो, सरकारने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. प्रश्नात दवाखाना नाही, मंजुरीचा क्रमांक नाही, तारीख नाही. ‘लूट’ हा शब्द तेवढा आहे, आणि ट्रस्टच्या संगणकात ‘लूट’ असा रकाना नसतो.

पुढच्या अधिवेशनासाठी तोच प्रश्न नव्याने लिहिला. माझी सवय अशी की आधी पैशाची वाट कागदावर काढायची: प्रीऑथ (उपचाराआधी ट्रस्टची मंजुरी), उपचार, डिस्चार्ज, क्लेम (दवाखान्याने ट्रस्टकडे केलेली पैशांची मागणी), छाननी, मंजुरी, आणि शेवटी खात्यात जमा. मग प्रत्येक टप्प्यावर एक आकडा मागायचा. जिल्ह्यातल्या अंगीकृत, म्हणजे योजनेत घेतलेल्या, दवाखान्यांनी अमुक सहा महिन्यांत किती क्लेम पाठवले? त्यांतले किती मंजूर झाले, किती नाकारले, आणि कोणत्या कारणाने? किती रक्कम प्रत्यक्ष अदा झाली? 15 दिवसांपेक्षा जास्त काळ किती क्लेम पडून आहेत, आणि त्यांतला सगळ्यात जुना कोणत्या तारखेचा? रुग्णाकडून पैसे घेतल्याबद्दल किती दवाखान्यांना नोटीस गेली, किती वसुली झाली?

यात 15 दिवस कुठून आले? राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत राज्यातल्या क्लेमसाठी तेवढीच मुदत आहे. परराज्यातल्या दवाखान्याचा क्लेम असेल तर 30 दिवस. सरकारनेच ठरवलेली मुदत प्रश्नात घातली की ‘लवकरच अदा करू’ असं म्हणून सुटता येत नाही.

या वेळी उत्तराला परिशिष्ट जोडून आलं, दवाखानावार तक्ता. ‘ट्रस्ट पैसेच देत नाही’ म्हणणाऱ्या त्या दवाखान्याचे बरेच क्लेम कागदपत्रांच्या शंकांवर अडकले होते. डिस्चार्ज समरी अपुरी, ऑपरेशननंतरचा एक्स-रे जोडलेला नाही. ट्रस्टने विचारणा केलेली आणि दवाखान्याने उत्तरच दिलेलं नाही. म्हणजे क्लार्कच्या आळसाचा भुर्दंड म्हातारीच्या मुलाने भरला. त्याच तक्त्यात दुसऱ्या काही दवाखान्यांचे मंजूर झालेले पैसे खरोखरच रखडलेले दिसत होते. दोन दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी. पहिल्या प्रश्नाने यातलं काहीच बाहेर आलं नसतं.

म्हणून ‘मंजूर’ आणि ‘अदा’ एकत्र करू नका. मंत्री मंजूर रकमेचा आकडा सांगतात, आपण टाळ्या वाजवतो आणि दवाखान्याच्या खात्यात मात्र काही आलेलं नसतं.

आणि घाई करू नका. अधिवेशनाच्या आदल्या आठवड्यात आमदारांच्या घरी धावणाऱ्यांची मला कीव येते. प्रश्नाची नोटीस द्यायची मुदत तोवर उलटलेली असते. घाई नसली की काय होतं हे डॉक्टरांकडून शिका. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याच्या दुरुस्तीविरुद्ध राज्यभरचे डॉक्टर बेळगावात उतरले होते. आरोग्यमंत्री होते रमेश कुमार. कोणती तरतूद नको हे डॉक्टरांना नेमकं ठाऊक होतं. विधेयक त्याच अधिवेशनात मंजूर झालं, पण डॉक्टरांना खुपणारी तुरुंगवासाची तरतूद गाळून. त्यांची बाजू मला पटली नव्हती, तयारी मात्र पटली. आपण अजून ‘लूट थांबवा’च्या फलकावरच आहोत.

चुकीच्या सभागृहाचं दार ठोठावणं

सीमाभागात ही चूक होणारच, तरी चूक ती चूक. चंदगडचा माणूस बेळगावच्या दवाखान्यात महात्मा फुले जन आरोग्य योजनेवर दाखल होतो, दवाखाना वर पैसे मागतो, आणि बेळगावचा पाहुणा अर्ज घेऊन सुवर्णसौधाकडे निघतो. अहो, ते पैसे महाराष्ट्राच्या तिजोरीतून जातात! त्याचा हिशेब मुंबईत किंवा नागपूरच्या अधिवेशनात मागायचा, चंदगडच्या आमदारामार्फत. दवाखाना कुठे आहे ते पाहू नका. कार्ड कोणत्या सरकारचं आहे ते पाहा.

उलट बाजूही तशीच. महाराष्ट्राने फुले योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचं ठरवलं, 2023 मध्ये त्यासाठी 54 कोटींची घोषणा झाली आणि कर्नाटक सरकारने कडाडून विरोध केला. यावर आपल्याकडे भावना फार, हिशेब कमी. त्या 54 कोटींतून इथल्या रुग्णांच्या क्लेमपोटी किती रक्कम अदा झाली, हा प्रश्न महाराष्ट्राच्याच सभागृहात विचारता येतो आणि तो विचारायला हवा. कोल्हापूर-सांगलीकडचे आमदार आपल्या मेळाव्यांना आले की हार घालून मोकळे होऊ नका, हातात लिहिलेला प्रश्न द्या.

खासदाराकडे गेलात तर ‘आरोग्य हा राज्याचा विषय’ हे उत्तर ठरलेलं. त्यावर गप्प बसायचं कारण नाही. आयुष्मान भारतचा खर्च केंद्र आणि राज्य 60:40 या प्रमाणात उचलतात. केंद्राचा हप्ता कर्नाटकाला कधी आणि किती मिळाला, हे लोकसभेत विचारता येतं.

कॅगचा आकडा अर्धवट वाचणं

2023 च्या ऑगस्टमध्ये संसदेत मांडलेल्या, आयुष्मान भारतवरच्या कॅगच्या (सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या) अहवालातला 9999999999 हा मोबाइल क्रमांक सगळ्यांना पाठ झालाय. एका क्रमांकावर साडेसात लाख लाभार्थी, म्हणून साडेसात लाख बोगस ऑपरेशन्स, असं भाषणात ठोकून देतात. ती नोंदणीतली गफलत होती, क्लेमची नव्हे. दवाखान्यांना दिलेल्या पैशांबद्दल बोलायचं तर त्याच अहवालातली दुसरी नोंद घ्या: आधीच मृत दाखवलेल्या 3,446 रुग्णांच्या उपचारापोटी 6.97 कोटी अदा झाले. आकडा लहान आहे पण नेम बरोबर बसतो. हे आकडे देशाचे, बेळगावचे नव्हेत. आणि अहवाल मांडला म्हणजे काम झालं असंही नाही. खरी उलटतपासणी लोकलेखा समितीत, म्हणजे असे अहवाल तपासणाऱ्या सभागृहाच्या समितीत होते.

आश्वासनाची तारीख न लिहिणं

मंत्री सभागृहात ‘चौकशी करू’ म्हणाले की ते सरकारी आश्वासन ठरू शकतं आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. पेपरचं कात्रण पुरत नाही. त्या दिवसाच्या कामकाजाची अधिकृत प्रत मिळवा.

समितीकडून आपले पैसे परत मागणं

विधिमंडळाची समिती तुमचं डिपॉझिट परत मिळवून देणार नाही. त्यासाठी आधी दवाखान्यातला आरोग्यमित्र (योजनेच्या रुग्णांना मदत करणारा माणूस), मग 14555 किंवा 104 वर तक्रार, तक्रारीचा क्रमांक, आणि मग जिल्हा तक्रार निवारण समिती. हाच तक्रार क्रमांक पुढे आमदाराच्या प्रश्नात घालता येतो. तो असला की ‘निदर्शनास आलेले नाही’ म्हणायची सोय उरत नाही. पैसे भरताना छापील पावती मागायला लाजू नका. पावती देत नसतील तर ऑनलाइन भरा, निदान बँकेत नोंद राहील.

माहिती अधिकारात पोथी लिहिणं

कर्नाटकाच्या नियमांत माहिती अधिकाराच्या अर्जाला 150 शब्दांची मर्यादा आहे, आणि एका अर्जात एकच विषय. आपली मंडळी चार पानं इतिहास लिहितात, अगदी सीमाप्रश्नापासून, आणि शेवटी क्लेम, वसुली, डॉक्टरांच्या जागा असं सगळं एकदम विचारतात. अर्ज परत येतो, मग ‘भाषेमुळे नाकारला’ म्हणून ओरड. दहा रुपये फी आहे, कंजुषी कशाला? क्लेमचा अर्ज वेगळा, वसुलीचा वेगळा, आणि दोन्ही वेगवेगळ्या पाकिटांत टाका.