जुनी पद्मिनी घरी दुरुस्त करताय? या चुका टाळा

कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून ‘फियाट ११००’ म्हणून आणि पुढे ‘प्रीमिअर पद्मिनी’ म्हणून बाहेर पडलेली गाडी ही घरच्या घरी दुरुस्ती शिकण्यासाठी आजही उत्तम गाडी आहे. १०८९ सीसीचे इंजिन, हवा-पेट्रोल मिसळणारा एक कार्बोरेटर, प्लगना ठिणगी वाटणारा एक डेल्को (डिस्ट्रिब्यूटर), चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि बॉनेट उघडल्यावर दोन्ही हात घालता येतील इतकी मोकळी जागा, एवढाच सारा कारभार असल्यामुळे शांतपणे पाहिले तर या गाडीत न समजण्यासारखे फारसे काही उरत नाही. तरीही हौसेने पद्मिनी घेणारी नवी मंडळी त्याच त्या चुका करत राहतात, आणि त्यांतल्या बहुतेक चुकांच्या मुळाशी उतावळेपणा असतो. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. तिच्याबरोबर आवाज ऐकून दोष सांगणारे मिस्त्रीही पांगले, त्यामुळे निदान करण्याचे काम आता मालकालाच शिकून घ्यावे लागते.

इग्निशनचा दोष कार्बोरेटरच्या माथी मारणे

ही माझ्या सर्वांत डोक्यात जाणारी चूक आहे. गाडी अडखळली, बंद पडली किंवा पिकअप गेला की पहिला स्क्रू ड्रायव्हर कार्बोरेटरलाच लागतो, कारण तो समोर दिसतो आणि त्याचे स्क्रू फिरवले की इंजिनचा आवाज बदलतो, म्हणजे आपण काहीतरी केले असे समाधान मिळते. वास्तविक नीट चालणारा कार्बोरेटर एका रात्रीत बिघडत नाही. त्यात कचरा अडकू शकतो, फ्लोटची सुई झिजू शकते, पण काल चाललेली गाडी आज अचानक बंद पडते तेव्हा मी आधी डेल्कोचे झाकण उघडतो.

पिंपरीच्या एका तरुण इंजिनिअरने मोठ्या हौसेने पद्मिनी घेतली होती. ती शहरात बिनतक्रार चालत असे, पण कात्रजच्या जुन्या घाटात निम्म्यावर गेली की बंद पडे आणि अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा निमूट सुरू होई. उन्हाने पंपात पेट्रोलची वाफ धरते, असे कुणीतरी सांगितले म्हणून त्याने इंजिनावरचा पेट्रोल ओढणारा पंप बदलला, कार्बोरेटर संपूर्ण खोलून नवे किट टाकले, पेट्रोलच्या नळीला कापड गुंडाळले आणि तरीही गाडी थांबतच राहिल्यावर पंपावर ओले फडके टाकण्याचा जुना उपाय सुरू केला. फडके टाकून थोडे थांबले की गाडी चालू होत असल्यामुळे निदान बरोबर असल्याची त्याची खात्रीच पटली. गाडी माझ्याकडे आली तेव्हा कार्बोरेटर आरशासारखा लखलखत होता. डेल्कोचे झाकण मात्र कित्येक वर्षांत कुणी काढलेले नव्हते. पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच, उघडून पाहिला तर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला त्याच मापाची गाठ तयार झाली होती आणि कडा काळ्यानिळ्या पडल्या होत्या. पॉइंटची अशी अवस्था दिसली की पहिला संशय कंडेन्सरवर, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी शोषणाऱ्या छोट्या डबीवर घ्यावा. तो गार असताना कसाबसा काम करत होता आणि तापला की हात टेकत होता. घाटात थांबल्यामुळे कंडेन्सर गार होत होता आणि श्रेय पंपावरच्या फडक्याला मिळत होते. चोर सोडून संन्याशाला सुळी देणे म्हणतात ते हेच. नवा पॉइंट आणि कंडेन्सर यांना आलेला खर्च त्याने कार्बोरेटरच्या किटवर घालवलेल्या पैशांच्या मानाने अगदीच किरकोळ होता.

यावर माझा उपाय एका सवयीपुरता आहे. गाडी बंद पडली की ती गार होण्याच्या आतच तपासणी करायची, कारण गार झालेल्या गाडीतला दोष सापडत नाही. कॉइलमधून (बॅटरीच्या विजेचा दाब वाढवणाऱ्या भागातून) डेल्कोकडे जाणारी मधली वायर झाकणातून काढून, रबरी मुठीच्या कोरड्या पक्कडीत धरून, तिचे टोक इंजिनच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवायचे आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगायचे. निळसर, कडकडणारी ठिणगी आली तर कॉइलपर्यंतची इग्निशन ठीक आहे. पिवळट, मरतुकडी ठिणगी आली किंवा आलीच नाही, तर कार्बोरेटरला हातही लावायचा नाही. ठिणगी चांगली असेल तर वायर परत जागेवर बसवून मगच पेट्रोलकडे वळायचे. कॉइलची बारीक वायर सोडवून ठिणगीचा प्रश्नच मिटवायचा, पंपातून कार्बोरेटरकडे जाणारी नळी बाटलीत धरायची आणि सेल्फ मारून पेट्रोलच्या पिचकाऱ्या जोरात येतात का ते पाहायचे. ठिणगीची आणि पेट्रोलची तपासणी एकाच वेळी कधीही करू नये, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

पेट्रोल येत नसेल तरी लगेच पंप विकत घेऊ नये. आधी टाकीचे झाकण उघडून पाहावे. झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल तर पेट्रोल उपसले जाईल तशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि पंप निरोगी असूनही पेट्रोल ओढू शकत नाही. झाकण उघडताना हवा आत खेचल्याचा आवाज आला, तर दुरुस्ती एका टाचणीत होते.

पॉइंटबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नवा पॉइंट बसवताना डेल्कोच्या कॅमवर ग्रीसचा अगदी बारीक ठिपका लावला नाही, तर पॉइंटची फायबरची टाच झिजते, फट कमी होत जाते आणि फट कमी झाली की टायमिंग मागे सरकते, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. मग इंजिन गरम होऊ लागते, मालक रेडिएटर साफ करून आणतो, वॉटर पंप बदलतो, आणि मूळ दोष झाकणाखाली तसाच बसून राहतो. म्हणून ट्यूनिंगचा क्रम मी कधीच मोडत नाही. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग पॉइंटची फट, मग टायमिंग आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर. फट साधारण ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते, पण डेल्को कोणत्या बनावटीचा आहे ते पाहून पुस्तकातला आकडा घ्यावा आणि तो फिलर गेजनेच, म्हणजे मापाच्या पातळ पत्त्यांनीच मोजावा. जुने मिस्त्री व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीने फट लावत असत हे खरे आहे, परंतु त्यांनी त्याआधी हजारो पॉइंट लावलेले असत. हल्ली यावर ‘इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून टाका’ असा सल्ला मिळतो. ते किट वाईट नाही, पण डेल्कोचा शाफ्ट हलत असताना वर नवे किट बसवणे ही वरवरची मलमपट्टी आहे.

ब्रेकच्या बाटलीत हाताला येईल ते तेल ओतणे

कार्बोरेटर चुकला तर गाडी थांबते, ब्रेक चुकला तर थांबत नाही. एवढा साधा फरक लक्षात न घेता लोक ब्रेकवर ज्या सहजतेने प्रयोग करतात ते पाहून मी थक्क होतो. पद्मिनीच्या काळातली ब्रेकची रबरे ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेली आहेत. त्यात इंजिन ऑइल, गिअर ऑइल किंवा कोणतेही खनिज तेल थोडेसे जरी गेले तरी ती रबरे फुगतात. कोकणातल्या एका सेवानिवृत्त गृहस्थांच्या गाडीत ड्रायव्हरने पातळी कमी दिसली म्हणून कॅनमधले उरलेले गिअर ऑइल ओतले. दोन दिवस काहीच झाले नाही. तिसऱ्या दिवशी पेडल दगडासारखे घट्ट झाले, गाडी जणू हँडब्रेक लावून ओढल्यासारखी चालू लागली आणि घाट उतरून आल्यावर ड्रमवर शिंपडलेले पाणी चर्रकन उडाले. ब्रेकच्या पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरमधले रबर फुगून तेल परतण्याचे बारीक छिद्र बुजले होते, त्यामुळे पाय काढला तरी ब्रेक सुटत नव्हता. चाकाच्या सिलिंडरचा ब्लीडर (तेल बाहेर सोडण्याचा स्क्रू) सैल करताच दाबलेले तेल बाहेर आले आणि चाक मोकळे झाले, तेव्हा निदानही झाले.

अशा वेळी जुने तेल काढून नवे भरले की काम झाले असे समजणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या गाडीत बसत नाही एवढेच. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर आणि रबरी होज पाइप यांतले प्रत्येक रबर बदलावे लागते, लोखंडी नळ्या स्पिरिटने धुऊन वाळवाव्या लागतात आणि मगच नवे ब्रेक ऑइल भरता येते. ब्रेकचे रबर पेट्रोलने किंवा रॉकेलने पुसणे हीसुद्धा त्याच जातीची चूक आहे. जुन्या गाडीच्या बाटलीत नेमके काय आहे याची शंका असेल, तर थोडे तेल काचेच्या ग्लासात पाण्यात टाकून ढवळावे. ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते, खनिज तेल वर तरंगते. तवंग दिसला की गाडी तिथेच ठेवावी.

हे ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून वर्षभर उघडी पडलेली बाटली स्वस्तात पडली तरी वापरू नये. डॉट ३ दर्जाच्या ताज्या तेलाचा उकळबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, ओल शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो आणि घाटाच्या उतारावर ड्रम तापतात तेव्हा हा फरक अंगाशी येतो. पावसाळा संपला की मी तेल बदलतो, मग त्याचा रंग कसाही असो. ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते, ती ओल्या फडक्याने पुसावी.

बाकीच्या चुका, थोडक्यात

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. टेकू म्हणून लावलेल्या विटा फुटतात, सिमेंटचे पोकळ ब्लॉक फुटतात आणि कोकणातला चिराही फुटतो. लोखंडी स्टँड विकत घ्यावेत, ते घेईपर्यंत गाडीखालचे काम करूच नये.

पाना योग्य मापाचाच लावावा. फियाटच्या घराण्यातली गाडी मिलिमीटरची आहे, अँबॅसिडर आणि जुनी जीप इंचाच्या आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे त्या नटावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावताच नटाचे कोपरे खातो. स्क्रू पाना तर मी कार्यशाळेत दिसेल अशा ठिकाणी ठेवतच नाही. जुन्या विलिज जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, हे माहीत नसलेल्या ताकदवान माणसांनी कित्येक स्टड तोडले आहेत. गंजलेल्या बोल्टला गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर सोडावे. त्याला पाच मिनिटे देणारा माणूस पुढची सुट्टी तुटलेला बोल्ट ड्रिलने काढण्यात घालवतो.

पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा आहे. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे बोअरवेलचे पाणी भरले की हेडच्या पाण्याच्या वाटा कुरतडल्या जातात, म्हणून कूलंट वापरावा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, हेड वाकते. हेडचे नट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत आणि टॉर्क पान्यानेच आवळावेत. ‘आपल्या हवेत थर्मोस्टॅट कशाला’ म्हणून तो काढून फेकणाऱ्यांचे इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त पिते आणि लवकर झिजते.

सडलेल्या पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारणे ही विकणाऱ्याची युक्ती आहे, गाडी ठेवणाऱ्याने ती करू नये. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडावा आणि दारांच्या तळाची पाणी जाण्याची छिद्रे दर पावसाळ्याआधी तारेने मोकळी करावीत.

खोललेले नट-बोल्ट एकाच ताटात टाकू नयेत. माझ्याकडे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांची थप्पी आहे, प्रत्येक डब्यावर कागदी टेपवर भागाचे नाव लिहिलेले असते आणि खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढलेला असतो.

नवे सुटे भाग म्हणून मिळणारे जुने रबर

२०२५ पासून देशातल्या बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि पद्मिनीच्या पंपाचा पडदा किंवा पेट्रोलची रबरी नळी अशा पेट्रोलसाठी कधीच बनलेली नव्हती. ही रबरे मऊ पडतात, फुगतात किंवा त्यांना तडे जातात, आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळू लागले तर गाडी हातची जाते. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कंपनीच्या मूळ पाकिटातले कोरे किट मिळाले की नवखा माणूस हरखून जातो. पण ते रबर पाकिटातच पंचवीस-तीस वर्षे म्हातारे झालेले असते. धातूचे भाग जुन्या साठ्यातले जरूर घ्यावेत, रबर मात्र आजच्या उत्पादनाचेच आणि इथेनॉल सोसणारे आहे का, हे विचारून घ्यावे. नळी विकत घेण्याआधी चिमटीत वाकवून पाहावी, वाकलेल्या जागी बारीक भेगा दिसल्या तर दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी परत द्यावी. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर असे पेट्रोल ओल धरते आणि टाकीत गंज सुटतो, म्हणून टाकीतले पेट्रोल काढून ठेवावे आणि पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवून त्यात तांबूस गाळ दिसतो का, यावर लक्ष ठेवावे.

कंडेन्सरच्या बाबतीत माझा नियम याच्या नेमका उलट आहे. सध्या मिळणारे नवे कंडेन्सर काही महिन्यांत दगा देतात, त्यामुळे उत्तम चालणाऱ्या गाडीतला जुना कंडेन्सर केवळ जुना झाला म्हणून बदलू नये. नवा आधी गाडीत लावून दोन-तीन घाट चढून पाहावेत, तो टिकला की काढून डिकीत सुटा ठेवावा आणि जुना पुन्हा जागेवर बसवावा.