चढते-उतरते सबसिक्वेन्स: या चुका टाळा

सबसिक्वेन्स म्हणजे दिलेल्या रांगेतून निवडलेले आकडे, शेजारशेजारचेच असायला हवेत असं नव्हे. मधले आकडे गाळायला मुभा असते, क्रम मात्र हलवायचा नाही. इंदूरला रामबागेतल्या माझ्या शिकवणीत इंजिनिअरिंगची मुलं दर सेमिस्टरला इथेच घसरतात.

दुसरी चूक घाईची: सर्वांत लांब चढता सबसिक्वेन्स शोधताना 2, 8, 3, 4, 5 मध्ये 2 नंतर लगेच 8 उचलायचा. मग पुढे काही उरत नाही. 8 सोडला तर 2, 3, 4, 5 मिळतो.

मला खरी चीड येते ती सिद्धतेतल्या पळवाटेची. एर्डिश आणि सेकेरेश यांचं 1935चं प्रमेय सांगतं की दहा वेगवेगळे आकडे कसेही मांडा, चार लांबीचा चढता किंवा उतरता सबसिक्वेन्स सापडतोच. वहीत येतं, "खाने नऊ, आकडे दहा, सिद्ध." खाने कसले, ते कुठेच नसतं. एका मुलीनं तर गाइड पुढे केलं, "सर, यातही एवढंच आहे."

मी तिला 3, 2, 1, 6, 5, 4, 9, 8, 7 दिले. प्रत्येकाखाली दोन आकडे लिही: इथे संपणाऱ्या सर्वांत लांब चढत्याची लांबी, मग उतरत्याची. 3 खाली (1,1), 2 खाली (1,2), असं करत 7 खाली (3,3). 1 ते 3 मधून होणाऱ्या नऊच्या नऊ जोड्या, म्हणजे तेच नऊ खाने, वापरून झाल्या, एकही दोनदा नाही. आता शेवटी दहावा आकडा जोड, म्हटलं. तिनं 10 घातला, (4,1). 0 घातला, (1,4). साडेचार घातला, (3,4). चार टळेना, तेव्हा कारण तिनं स्वतःच सांगितलं: नंतरचा आकडा मोठा असेल तर चढती लांबी वाढते, लहान असेल तर उतरती, म्हणून कोणत्याही दोन आकड्यांची जोडी सारखी होऊच शकत नाही. सिद्धतेचा जीव या वाक्यात आहे. ते गाळलंत तर मी शून्य देतो. आणि नऊ आकडे का पुरत नाहीत, तेही याच मांडणीत दिसतं.

आकडे सारखे असले तर आधी विचारा, काटेकोर चढता हवा की समान चालतील? दहाही 5 असले तर काटेकोर चढता-उतरता दोन लांबीचासुद्धा नाही.

कोडवाल्यांसाठी: सर्वांत लांब चढता शोधायच्या जलद पद्धतीत प्रत्येक लांबीच्या चढत्या सबसिक्वेन्सचा शक्य तितका लहान शेवटचा आकडा साठवतात. ती यादी म्हणजे उत्तर नव्हे. 2, 5, 1 वर यादी होते 1, 5. लांबी 2 बरोबर, पण मूळ क्रमात 5 आधी येतो. खरा सबसिक्वेन्स हवा असेल तर प्रत्येक आकड्यामागचा आकडा कोणता, याची नोंद ठेवा आणि शेवटाकडून मागे या. मी आधी कागदावर पाच-सहा आकडे घेऊन हे करून बघतो, कीबोर्ड त्यानंतर.